बाबूराव पेंटर
बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०, मृत्यू : १६ जानेवारी १९५४) हे चित्रकार, शिल्पकार आणि भारतीय मूकपटाच्या आद्य शिल्पकारांपैकी एक होते. रंगभूमीवरील पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने पौराणिक व ऐतिहासिक कथांची चित्रसृष्टी स्वदेशी कॅमेऱ्याने उभी केली. कोल्हापूरला चित्रनगरी म्हणून लाभलेल्या कीर्तीचा उगम त्यांच्या कार्यात आहे.

पूर्वायुष्य
बाबूरावांचा जन्म कारागिरांच्या घराण्यात झाला. चित्रकलेचे वा शिल्पकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. आतेमामे वा सख्खे असा भेद न करता वाढलेले बंधू आनंदराव हे त्यांचे सहकारी होते. दोघांनी मिळून संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले व त्या कामावरून 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पाहिल्यावर दोघांचेही लक्ष चित्रपटाकडे वळले.

कॅमेऱ्याची निर्मिती
विदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नसल्याने कॅमेरा स्वतःच घडवावयाचा, असे बंधूंनी ठरविले. हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. अपुरे राहिलेले काम सोडून न देता बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला. याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला भांडवल पुरविले, तर राजर्षी शाहू महाराजांचे प्रोत्साहन लाभले.

मूकपट
कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात प्रदर्शित झाला. स्त्रियांनी पडद्यावर येणे अप्रतिष्ठेचे मानले जात असतानाही त्यात गुलाबबाई व अनसूयाबाई यांनी भूमिका केल्या. त्या अनुक्रमे कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पुढे आल्या. कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव वठले की प्रेक्षक हादरून गेले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

'सुरेखाहरण' (१९२१) मध्ये व्ही. शांताराम प्रथमच पडद्यावर आले. 'सिंहगड' (१९२३) मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. सपाट रंगीत पडद्यांऐवजी खोली असलेले नेपथ्य उभारणे, वेशभूषा व दृश्यरचनेची रेखाटने आधी करून ठेवणे, चित्रपटाची भित्तिपत्रके स्वतः रंगविणे ही त्यांच्या कार्यपद्धतीची वैशिष्ट्ये होत. 'कल्याण खजिना' (१९२४) हा त्यांचा आणखी एक ऐतिहासिक मूकपट होय.

'सावकारी पाश' (१९२५) मध्ये त्यांनी पुराणकथा बाजूस ठेवली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात सावकाराने जमीन लुबाडल्यामुळे शहरात मजुरीस जाणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी आहे. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ या कृतीपासून मानला जातो.

उत्तरायुष्य
दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले सहकारी कंपनीतून बाहेर पडले व १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. हा आघात मोठा होता. 'लंका' (१९३०) हा बाबूरावांचा अखेरचा मूकपट ठरला. त्यानंतर बोलपटांचे युग आले व महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. पुढे त्यांनी 'उषा' (१९३५), 'सावकारी पाश' (१९३६), 'प्रतिभा' (१९३७) हे बोलपट दिग्दर्शित केले. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) च्या दिग्दर्शनात शिष्य शांताराम यांच्यासह त्यांचा सहभाग होता. चित्रकला व शिल्पकला यांची साधना त्यांनी अखेरपर्यंत केली.

वारसा
त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. मात्र त्यांच्या हाताखाली घडलेल्या माणसांनी मराठी चित्रपटाची पुढची वाटचाल ठरविली. कोल्हापुरातील खरी कॉर्नर येथील कॅमेऱ्याचे स्मारक त्यांच्या कंपनीची आठवण देते, आणि मंगळवार पेठेतील जयप्रभा स्टुडिओ हा त्याच परंपरेचा नंतरचा टप्पा होय.