रत्नागिरीचे दुसरे टिळक

टिळक म्हटले की आम्हा रत्नागिरीकरांना लोकमान्य आठवतात, आणि ते साहजिकच आहे. पण याच जिल्ह्याने महाराष्ट्राला आणखी एक टिळक दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म करजगावचा, ६ डिसेंबर १८६१. शाळेत त्यांच्या कविता पाठ केलेले वाचक आजही भेटतात. मला मात्र त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे अधिक ओढ लावतात.

आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. वाचीन असा शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जे धरले ते कायमचेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले. पत्नी लक्ष्मीबाई चार-पाच वर्षे दूर राहिल्या. मग सोवळे-ओवळे सांभाळीतच त्या परतल्या आणि १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर, ख्रिस्ती झाल्या.

पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम, १९०४ मध्ये पाळकाची दीक्षा, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन. बालकवींसारखा तरुण कवी घरी मुलासारखा राहून गेलेला. काय कमी होते?

मोह म्हटला की आपल्याला पैसा नि व्यसन आठवते. टिळकांच्या हाती पैसा टिकतच नसे. आला की कुणाला तरी देऊन मोकळे! संतापाशी मात्र त्यांचे जन्माचे भांडण होते. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. पण त्याहून अवघड मोह होता तो सुस्थितीचा. देवाचे नाव घ्यावे, लोकांनी मान द्यावा आणि पहिल्या तारखेला पगार यावा, यात दोष कोण काढणार? टिळकांनी स्वतःच तो काढला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे मानणाऱ्या या माणसाला पगारी भक्ती खुपू लागली असावी.

१९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडून ते संन्यासी झाले आणि साताऱ्यास राहिले. आमच्या अलोऱ्याहून कुंभार्ली घाट चढला की तोच सातारा जिल्हा लागतो. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा जो भक्त त्याला तिथे जागा. त्या काळी हे धाडसच होते.

संसारी माणसाच्या संन्यासाचे कौतुक करताना माझी लेखणी जरा अडखळते. त्याग नवऱ्याने करायचा आणि उद्याच्या पिठामिठाची काळजी बायकोने! लक्ष्मीबाईंनी ती आयुष्यभर वाहिली.

दरबाराला दोन वर्षेही धड झाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई ते पुढे लिहायला बसल्या, आणि त्यांनी ते पुरे केले.