मौलाना आझाद यांची हयात आणि आपल्या मतांचा हिशेब

दरवर्षी ११ नोव्हेंबरला आमच्या शाळेत मौलाना अबुल कलाम आझाद यांची जयंती होते. २००८ पासून हा दिवस देशभर राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. टेबलावर फोटो, दोन तकरिरी, एक नज्म, शेवटी मुलांना बिस्किटं. गेल्या वर्षी कार्यक्रम संपता संपता आठवीतल्या एका मुलानं विचारलं, की मौलाना एवढे मोठे आलिम होते, तर मग मुसलमानांनी त्यांचं ऐकलं का नाही? आम्ही बी.एड. झालेली, वीस वर्षं वर्गात उभी राहिलेली माणसं, पण त्या पोराला आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो. तो सवाल मात्र डोक्यातून गेला नाही. म्हणून आज मौलानांची हयात पुन्हा एकदा वाचकांसमोर मांडतो आहोत.

मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्का शरीफचा. वालिद मौलाना खैरुद्दीन हे हिंदुस्थानातून हिजरत करून तिथे स्थायिक झालेले, वालिदा अरब घराण्यातल्या. मौलाना लहान असतानाच घर कलकत्त्याला आलं. वालिद मोठे पीर होते, मुरीदांचा राबता असायचा. इंग्रजी शाळा त्यांना मान्य नव्हती. त्यामुळे सगळी तालीम घरातच झाली: अरबी, फारसी, फिकह, मंतिक, गणित. ज्या वयात आपली मुलं अकरावीच्या प्रवेशासाठी धावपळ करतात, त्या वयात या मुलाचा दर्से निजामीचा पूर्ण अभ्यास होऊन तो दुसऱ्यांना शिकवायला लागला होता.

पण त्यानं ते सगळं जसंच्या तसं गळ्यात घालून घेतलं नाही. सर सय्यद अहमद खानांची पुस्तकं वाचली आणि नव्या इल्मशिवाय गत्यंतर नाही हे ओळखलं. बायबलच्या उर्दू, फारसी आणि इंग्रजी प्रती शेजारी शेजारी ठेवून स्वतःच इंग्रजी शिकला. वारशानं आलेल्या समजुतींतून आपण मोकळे झालो, हे सांगण्यासाठी आझाद हा तखल्लुस घेतला. वालिदांच्या पश्चात पीराची गादी तयार होती, मुरीद हात जोडून उभे होते. ती त्यानं घेतली नाही. आजच्या काळात तयार गादी सोडणारा एखादा तरुण दाखवा पाहू, दीनमध्ये किंवा राजकारणात.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि बंगाली क्रांतिकारक पेटून उठले. मौलाना त्यांच्यात गेले, तेव्हा त्यांच्यावर कुणी लवकर विश्वास ठेवेना. मुसलमान म्हणजे सरकारचा माणूस, असा त्या गटांचा समज होता, कारण सरकारनं पोलिसांच्या गुप्त खात्यात बाहेरून मुसलमान अधिकारी आणून बसवले होते. विशीतल्या या मुलानं त्यांना समजावलं की चार अधिकारी म्हणजे अख्खी कौम नव्हे. आणि आपल्या कौमला समजावलं की सरकारच्या सावलीत बसणं ही हिफाजत नव्हे. पुढची चाळीस वर्षं मौलाना हेच काम करत राहिले, दोन्हीकडच्या भीतीशी झगडण्याचं.

जुलै १९१२ मध्ये त्यांनी कलकत्त्यातून अल-हिलाल हे उर्दू साप्ताहिक काढलं. सुंदर छपाई, चित्रं, आणि मजकूर असा की वाचणारा झोपेतून जागा व्हावा. दोन वर्षांत आठवड्याचा खप २६,००० प्रतींवर गेल्याचं मौलानांनीच आपल्या आठवणींत नमूद केलं आहे. सरकारनं आधी २,००० रुपयांचा जामीन मागितला आणि जप्त केला, मग १०,००० चा मागितला, तोही जप्त केला. १९१४ मध्ये अल-हिलाल बंद पडलं. मौलानांनी अल-बलाग काढलं. मग त्यांनाच बंगालमधून हद्दपार केलं आणि रांचीला नजरकैदेत ठेवलं. तिथून सुटका झाली ती जानेवारी १९२० मध्ये.

पुढचा खिलाफत चळवळीचा भाग सांगताना आम्ही जरा अडखळतो. मौलाना तिच्या पहिल्या फळीत होते. गांधीजी बरोबर आले, हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून तुरुंगात गेले, हे मोठंच झालं. पण लाखो साध्या माणसांचं मन इस्तंबूलच्या तख्तात गुंतवलं गेलं आणि १९२४ मध्ये तुर्कांनीच ती खिलाफत मोडीत काढली. इथले लोक रिकाम्या हातानं घरी परतले. दूरच्या, काळजाला भिडणाऱ्या गोष्टीसाठी रस्त्यावर यायचं आणि गल्लीतल्या मदरशाला, शाळेला, दवाखान्याला मात्र कुणी वाली नाही, ही सवय आपल्याला तेव्हापासून लागली असं आमचं मत आहे. मौलानांबद्दल अदब राखूनच हे म्हणतो आहोत. त्यांनी स्वतः त्या अनुभवातून धडा घेतला. आपण घेतला का, हा प्रश्न आहे.

१९२३ मध्ये दिल्लीच्या खास अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, वय अवघं पस्तीस. १९४० मध्ये रामगडला पुन्हा अध्यक्ष. त्यांनी तिथे सांगितलं की आपला मुसलमान असण्याचा फख्र आणि हिंदुस्थानी असण्याचा फख्र एकमेकांच्या आड येत नाही. त्याच आठवड्यात लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला. मुसलमानांपुढे दोन रस्ते होते, दोन्ही एकाच मार्च महिन्यात स्पष्ट मांडले गेलेले.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला, तोही मौलानांच्याच अध्यक्षतेखाली. ९ तारखेच्या पहाटे सगळ्यांना उचललं आणि रेल्वेनं अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आणून किल्ल्यात डांबलं. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव अशी बडी मंडळी तिथे होती. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण नेत्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. आम्ही मुलांची सहल घेऊन गेलो होतो. गेटवर ओळखपत्रं बघितली, आत मुलांना आधी नेहरूंची खोली दिसली, कारण भारताचा शोध हे पुस्तक तिथे लिहिलं गेलं हे त्यांनी पाठ केलेलं होतं. मौलानांची खोली आम्हालाच दाखवावी लागली.

त्या खोलीत मौलाना पहाटे उठून चिनी चहा करत, दुधाशिवायचा, आणि आपल्या दोस्ताला, हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहीत. पाठवायची सोय नव्हतीच. पुढे ती गुबारे खातिर या नावानं छापली गेली. खोलीत चिमण्या घरटं करायच्या. त्यांना पळवता पळवता दोस्ती कशी झाली याचं त्यांनी केलेलं वर्णन वाचताना हा माणूस कैदेत आहे हे विसरायला होतं.

आणि याच खोलीत जुलेखा बेगम यांच्या वफातीची खबर आली. मौलाना मुंबईच्या अधिवेशनाला निघाले तेव्हाच त्यांची तब्येत बरी नव्हती. कलकत्त्याहून आजार वाढल्याच्या तारा आल्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर मी ती ताबडतोब पोचवतो, असं जेलच्या अधिकाऱ्यानं सुचवलं. मौलाना म्हणाले की मला या सरकारकडे काहीच मागायचं नाही. ९ एप्रिल १९४३ ला बेगम गेल्या. आखरी दीदार नाही, जनाजा नाही. मौलाना त्या दिवसांतही जेवणाच्या वेळेला सगळ्यांबरोबर येऊन बसत, आपला दिनक्रम मोडला नाही. आमच्या वर्गात हे सांगताना मुली नेहमी विचारतात, की बेगमसाहेबांना हे चाललं असतं का? याचं उत्तर आमच्याकडे नाही.

१९४५ मध्ये सुटका झाली. लगेच सिमल्याच्या परिषदेत वाद निघाला तो हाच, की मुसलमानांच्या वतीनं फक्त लीगच बोलणार. काँग्रेसचा अध्यक्ष स्वतः मुसलमान असूनही! त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीत मध्यवर्ती विधानसभेच्या मुसलमानांसाठी राखीव सगळ्याच्या सगळ्या ३० जागा लीगनं जिंकल्या. मौलानांना सभांमधून शिव्या पडल्या, काँग्रेसचा शो-बॉय म्हटलं गेलं. ज्याला कुराणचा तर्जुमा येत होता त्याला दीन शिकवायला निघालेले लोक कोण होते हे आठवून आजही हसू येतं, आणि रडूही.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच होतं. विणकर, शेतमजूर, कोळी, मोलकरणी यांतल्या बहुतेकांना कुणी विचारलंच नाही. ठरवलं मूठभरांनी, आणि गाड्यांमधून कापले गेले ते बाकीचे. ज्यांनी मत दिलं त्यांनीही नकाशा बघून दिलं नव्हतं. आपला मोहल्ला कुठल्या बाजूला जाईल, यूपी-बिहार-मुंबईच्या मुसलमानांचं काय होईल, हे विचारण्याऐवजी एका नाऱ्यावर दिलं. त्या मुलाच्या सवालाचं निम्मं उत्तर इथे आहे. मौलाना हिशेब मांडत होते आणि लोकांना जोश हवा होता.

ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीचे मुसलमान पुराना किला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात आसरा घेऊन बसलेले, हजारो सीमेपलीकडे निघालेले. तेव्हा मौलाना जामा मशिदीत उभे राहिले. ते रागावले, जुनी आठवण करून दिली, की मी सांगत होतो तेव्हा तुम्ही पाठ फिरवली. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. पळू नका, हा मुल्क तुमचा आहे, त्याचे निर्णय तुमच्याशिवाय अपुरे आहेत, असं समजावलं. कित्येकांनी बांधलेलं सामान सोडलं असं जुने दिल्लीकर सांगतात.

मग मौलाना अकरा वर्षं देशाचे शिक्षणमंत्री राहिले. १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आय.आय.टी., विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य, संगीत आणि ललित कला अकादमी हे सगळं त्यांच्याच काळातलं. १९५१ च्या जनगणनेत शंभरात जेमतेम अठरा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. प्राथमिक शाळांसाठी पैसे पुरले नाहीत ही टीका त्यांच्यावर होते आणि ती अगदीच चुकीची नाही. उच्च शिक्षणाच्या इमारती उभ्या राहिल्या, गावची शाळा मागे राहिली.

१९५७ ची एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्या वर्षी मौलाना गुडगावमधून लोकसभेवर निवडून आले. गुडगाव तेव्हा पंजाबात होतं. दहाच वर्षांपूर्वी त्या भागात, मेवातमध्ये, काय रक्तपात झाला होता! त्याच भागातल्या मतदारांनी, ज्यांत हिंदू जास्त होते, शेरवानी घातलेल्या एका मौलानाला दिल्लीला पाठवलं. म्हणजे हे जमतं. नागरिकांनी ठरवलं तर जमतं. २२ फेब्रुवारी १९५८ ला मौलाना गेले. जामा मशिदीजवळच त्यांची कब्र आहे.

त्यानंतर आपण काय केलं? आधी आपल्याच घरचं बोलू. आपण राजकारण म्हणजे हिफाजत मागणं असं धरून चाललो. अमुक आला तर आपलं काही खरं नाही, म्हणून तमुकला मत. तमुकनं पाच वर्षांत काय केलं, हे विचारायचंच नाही. १९८५-८६ मध्ये शाहबानो प्रकरणात गावोगावी मोर्चे निघाले, कायदा बदलून मिळाला, आणि त्याच १९८६ च्या फेब्रुवारीत बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं गेलं. दोन्हीकडचे लोक आपापली जीत मोजत होते. सहा वर्षांत मशीद गेली, मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्यानंतर मत मागायला आलेल्या किती उमेदवारांना आपण त्या अहवालाबद्दल विचारलं? २००६ मध्ये सच्चर समितीनं सांगितलं की मुसलमानांची साक्षरता सुमारे ५९ टक्के, देशाची सुमारे ६५. तो अहवाल आपण भाषणात वापरला. गल्लीत किती पोरं शाळेबाहेर आहेत हे मोजलं नाही.

आणि बहुसंख्य समाजातल्या आमच्या मित्रांनाही हे सांगावंसं वाटतं, की तुम्हीही नाऱ्यावरच मत देत आलात. भाव, नोकरी, पाणी बाजूला राहिलं आणि शेजाऱ्याचा धर्म हा निवडणुकीचा मुद्दा झाला. २०२३ मध्ये एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून संविधान सभेच्या संदर्भातला मौलानांचा उल्लेख गेला. चार-दोन बातम्या झाल्या. ना तुमच्यातले पालक बोलले, ना आमच्यातले. आम्ही शिक्षकसुद्धा स्टाफरूममध्ये चहा घेता घेता बोललो, तेवढंच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक अनुदानित आणि सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. सरकारी शाळेत तर तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. शाळेचा पैसा, शिक्षक येतात की नाही, सगळं विचारायचा हक्क आहे. आमच्या समितीच्या सभेला कधी चार पालक येतात, कधी दोन. त्याच आठवड्यात एखाद्या नेत्याच्या इस्तकबालाला मात्र दोनशे मोटारसायकली निघतात.

तो सवाल विचारणारा मुलगा आता नववीत आहे. त्याच्या अब्बांना सभेचं बोलावणं तीन वेळा गेलं, ते आले नाहीत. चौथ्या वेळी त्याची अम्मी आली. बराच वेळ मागच्या खुर्चीत गप्प बसली. मग उभी राहून तिनं विचारलं, की मुलींच्या शौचालयाला पाणी का येत नाही, आणि त्यासाठी आलेला पैसा कुठल्या वहीत लिहिला आहे. ती वही आम्ही त्या दिवशी शोधून काढली.