फ्लॉरेन्स नाइटिंगेल : शुश्रूषेला शिस्त देणारे जीवन

हाती दिवा घेऊन रात्री रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख आपल्याला शालेय जीवनात होते. परंतु आपण तेथे नसतानाही रुग्णाची शुश्रूषा तितक्याच काळजीने व्हावी, यासाठी त्यांनी जी व्यवस्था उभी केली, ती त्यांची खरी थोरवी होय.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या काळी परिचारिकेचे काम हलके समजले जाई. घरच्यांचा विरोध सोसून १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे शिक्षण घेतले. क्रिमियाच्या युद्धकाळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. स्वयंपाक, धुलाई, कपडे यांची व्यवस्था त्यांनी लावली. तरीही त्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे साफ करवली, इमारतीत हवा खेळती केली, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह आकडे तपासताना या सत्याची पूर्ण जाणीव त्यांना झाली. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी आकृत्यांच्या साहाय्याने राज्यकर्त्यांना पटवून दिले.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिका विद्यालय सुरू झाले. तेथे शिकलेल्या अ‍ॅग्नेस जोन्स यांनी लिव्हरपूलच्या अनाथ-निर्धनांच्या रुग्णालयाचा कायापालट केला आणि १८६८ मध्ये तेथेच तापाने देह ठेवला. त्याच वर्षी ल्युसी ऑसबर्न सिडनीला गेल्या. अशा सुशिक्षित अधिसेविकांमार्फत सुधारणा दूरवर पोहोचली.

मात्र सुमारे बारा वर्षांनी खुद्द मूळ विद्यालयातच अध्यापन ढिले पडल्याचे बाईंच्या लक्षात आले. प्रकृती खालावल्याने त्या बहुधा घरीच असत. तरी त्यांनी विद्यार्थिनींना एकेक करून घरी बोलावले, त्यांचे अनुभव ऐकले, नोंदी ठेवल्या आणि शिक्षणाची घडी पुन्हा बसविली. १८७२ पासून त्या परिचारिकांना उद्बोधनपर पत्रे लिहू लागल्या. एकदा केलेली सुधारणा आपोआप टिकत नाही, तिची राखण रोज करावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. प्रमुखाची खरी कसोटी तो हजर असताना होत नसून त्याच्या गैरहजेरीत होते, हा विचार त्यांनी १८५९ मध्येच आपल्या शुश्रूषाविषयक ग्रंथात मांडला होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. आज एखाद्या रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका काम हाती घेण्यापूर्वी आधीच्या पाळीची नोंदवही वाचते, त्या साध्या शिस्तीत बाईंच्या शिकवणीचा वारसा आहे. संस्था उभारणाऱ्या आणि ती पुढे चालविणाऱ्या प्रत्येकाने हा धडा मनी जपावा. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!