गणित सोडून ग्रंथालयशास्त्र शिकलेले डॉ. एस. आर. रंगनाथन



मुलगा डॉक्टर व्हायचे म्हणाला की आपल्या घरात आनंदीआनंद होतो. पण पदवी हाती आल्यावर तोच मुलगा, ग्रंथपाल होण्यासाठी आणखी दोन वर्षे शिकतो म्हणाला, तर आपल्या कपाळावर आठी चढते. पुस्तक द्यायचे, शिक्का मारायचा, परत आले की कपाटात ठेवायचे. यात शिकायचे ते काय? हा प्रश्न आपल्याला पडला तर त्यात नवल नाही. तो खुद्द डॉ. रंगनाथन यांनाही पडला होता, आणि तोही ग्रंथपालाच्या खुर्चीत बसल्यावर!

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. त्यांच्या नावातले पहिले अक्षर या गावाचे, दुसरे वडिलांचे. वडील लहानपणीच वारले. बोलताना जीभ अडखळे. तरीही मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गणित विषय घेऊन ते १९१६ मध्ये एम. ए. झाले आणि मंगळूर, कोइमतूर, मद्रास येथे शिकवू लागले. चांगले शिक्षक म्हणून त्यांचे नाव झाले, पण पगार बेताचाच होता.

अशात मद्रास विद्यापीठाने ग्रंथपालाची जागा काढली. अर्ज शेकड्यांनी आले. मात्र त्यांत हे शास्त्र शिकलेला एकही नव्हता. मित्रांच्या आग्रहाखातर रंगनाथन यांनीही अर्ज केला होता. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि आठवडाभरातच कंटाळले. विद्यार्थ्यांनी गजबजलेला वर्ग कुठे आणि हे सामसूम दालन कुठे! ते आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि मला परत घ्या म्हणून विनवू लागले. प्राचार्यांचा सल्ला शहाणपणाचा होता. नेमणुकीत लंडनला जाऊन शिकण्याची सोय होतीच. आधी शिकून यावे, तरीही मन रमले नाही तर गणिताचा वर्ग आहेच, असे ठरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९१९ पासून ग्रंथालयशास्त्राचे विद्यालय चालू होते. तिथे बत्तिशीतला हा गणिताचा एम. ए. पुन्हा विद्यार्थी झाला. वर्गीकरण शिकवणारे बर्विक सेयर्स हे क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख. त्यांच्यामुळे रंगनाथन वर्गाबाहेर पडले आणि इंग्लंडमधील शंभराहून अधिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. मुले, कामगार, गृहिणी तिथे हक्काने येत होती. इकडे आपल्याकडे ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा राखणदार! रंगनाथन यांचे मन पालटले ते इथे.

गणितज्ञाची नजर मात्र तशीच राहिली. पुस्तके लावण्याच्या प्रचलित पद्धतींत विषयांचे कप्पे आधीच ठरलेले असत. नवा, मिश्र विषय आला की तो बसवायचा कुठे, ही अडचण. एके दिवशी लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्यांना मेकॅनो हे खेळणे दिसले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. जोडणी बदलली की कधी गाडी, कधी क्रेन. विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील, असे त्यांच्या मनाने घेतले. भाताचे पीक, त्यावरील रोग, प्रदेश, काळ: प्रत्येक अंगाला वेगळी खूण द्यावी आणि मधे दोन टिंबे घालून त्या खुणा जोडाव्यात. हीच पुढे १९३३ साली पुस्तकरूपाने आलेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. १९२५ मध्ये परत येताना बोटीवरच्या ग्रंथसंग्रहावरच त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला.

गणिताच्या वर्गाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही. मद्रासला त्यांनी कपाटे वाचकांना मोकळी करून दिली, वेळ वाढवली, आणि जवळजवळ वीस वर्षे सुट्टी म्हणून घेतली नाही. (घरच्यांचे काय झाले असेल, हा विचार मनात येतोच.) १९३१ साली त्यांनी या शास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. पुस्तके वापरासाठी असतात, हे त्यांतले पहिले. ऐकायला किती साधे! पण कुलपे लावलेली कपाटे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्याचे मोल कळेल.

१९२९ पासून मद्रासला ग्रंथपालांचे वर्ग सुरू झाले, त्यांच्याच प्रयत्नाने. पुढे बनारस व दिल्ली विद्यापीठांत त्यांनी हा विषय शिकवला. दिल्लीत तो पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेटपर्यंत नेला. गावोगावी सरकारी आधाराने वाचनालये व्हावीत म्हणून त्यांनी कायद्याचे मसुदे केले. त्यांच्या खटपटीने मद्रासचा कायदा १९४८ मध्ये झाला. आपल्या कोल्हापूर संस्थानाने असा कायदा १९४५ सालीच केला होता. सबंध महाराष्ट्राला मात्र १९६७ पर्यंत थांबावे लागले.

१९५७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे वारले. १२ ऑगस्ट हा दिवस देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ. पगार बरा म्हणून या नोकरीत आलेल्या रंगनाथन यांनी आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन टाकले होते. त्यातून पत्नी शारदाबाईंच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन निघाले.