पलंगाला लावलेली स्प्रिंग

जिम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डंबेल्स, घामाने भिजलेले टी-शर्ट आणि भिंतीवर पिळदार दंडांचं एखादं पोस्टर. पण ज्याला पलंगावरून उठताच येत नाही, त्याने व्यायाम करायचा कसा? मित्रांनो, या प्रश्नाशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या जोसेफ पिलाटेसची ही ओळख.

जोसेफचा जन्म ९ डिसेंबर १८८३ रोजी जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाख इथे झाला. लहानपणी तो सारखा आजारी असे. दमा आणि मुडदूस त्याच्या पाचवीलाच पुजले होते म्हणतात. पण पोराने जिद्दीने जिम्नॅस्टिक्स आणि बॉक्सिंग करून शरीर कमावलं. पहिल्या महायुद्धाआधी तो इंग्लंडला गेला. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि तिथे राहणारे जर्मन लोक एकदम 'शत्रू' ठरले. जोसेफची रवानगी शेवटी आयल ऑफ मॅन बेटावरच्या नोकॅलो छावणीत झाली. वीस हजारांहून जास्त माणसं तिथे काटेरी तारांच्या आत दिवस मोजत होती.

त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट याच छावणीतली आहे. अंथरुणाला खिळलेल्या कैद्यांच्या पलंगांना त्याने स्प्रिंगा बांधल्या. पेशंटने झोपल्या झोपल्या हाताने किंवा पायाने ती ओढायची, बस्स!

आता यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. फर्स्ट इयरला शिकलेला हूकचा नियम आठवा. डंबेल उचलताना पूर्ण वजन पहिल्या क्षणापासून अंगावर येतं. स्प्रिंगचं तसं नसतं. ती थोडी ताणली की थोडाच जोर लागतो, जास्त ताणली की जास्त. जिथे दम संपेल तिथे थांबायचं. शिवाय पाय वरच्या स्प्रिंगला अडकवला, तर त्याचं थोडं वजन स्प्रिंगच पेलते. म्हणजे तीच वस्तू कधी विरोध करते, तर कधी चक्क मदत! आणि माणूस आडवा असल्यामुळे गुडघ्यांवर, घोट्यांवर उभं राहण्याचा भार येत नाही.

१९२६ मध्ये पिलाटेस अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कच्या एट्थ ॲव्हेन्यूवर त्यांनी क्लारासोबत स्टुडिओ थाटला. तिथलं मुख्य यंत्र म्हणजे 'रिफॉर्मर'. लाकडी चौकटीत चाकांवर सरकणारा पाट आणि त्याला स्प्रिंगा. माणसाच्या ताकदीप्रमाणे स्प्रिंगा कमी-जास्त करायच्या. छोट्या घरांसाठी त्यांनी 'वुंडा चेअर' बनवली. एरवी बसायची खुर्ची, आडवी केली की व्यायामाचं यंत्र. आपल्या हॉस्टेलच्या खोलीत तर ती सहज मावली असती!

दुखापत झालेले डान्सर्स त्यांच्याकडे येऊ लागले. पिलाटेस स्वभावाने कडक होते. आजारी माणसाला झेपेल असा व्यायाम बदलून देण्यात क्लाराचा हातखंडा होता. १९४५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यातले व्यायाम करायला यंत्रसुद्धा लागत नाही, जमिनीवर अंथरलेली एक सतरंजी पुरते. डॉक्टर मंडळींनी आपली पद्धत स्वीकारावी ही त्यांची मोठी इच्छा होती. पण ती पूर्ण न होताच ९ ऑक्टोबर १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

आज अनेक फिजिओथेरपिस्ट ही पद्धत वापरतात. अर्थात ती जादू नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं, की कंबरदुखीवर काहीच विशेष न करण्यापेक्षा पिलाटेसचा बहुधा फायदा होतो, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. त्यामुळे आजीच्या पलंगाला स्प्रिंग बांधण्याआधी डॉक्टरांना विचाराच!

पण आपल्यासारख्यांनी या माणसाकडून एक गोष्ट नक्की घ्यावी. आपण मशीन बनवतो आणि मग माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यावं अशी अपेक्षा करतो. पिलाटेसनी आधी समोरच्याला काय जमतं ते पाहिलं आणि तिथून यंत्र सुरू केलं. पुढच्या सेमला प्रोजेक्टचा टॉपिक शोधताना रोबोटच्या आधी एकदा घरातल्या त्या माणसाकडे बघा, ज्याला जिना चढवत नाही. टॉपिक तिथेच बसलेला असेल.