कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१) या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या भारतीय पेशीजीवशास्त्रज्ञ होत्या.

शिक्षण

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म पुण्याचा. हुजूरपागा शाळा व फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे, तंत्र आत्मसात केले.

संशोधन

मायदेशी परतून मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध सुचवणाऱ्या भारतातील आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. संप्रेरके आणि अर्बुदजनक विषाणू यांच्या परस्परक्रियेवर कर्करोगाची प्रवणता अवलंबून असते, हेही त्यांनी ओळखले. गाठीतील पेशींइतकाच त्यांच्या भोवतालचाही विचार यामागे होता.

सामाजिक कार्य व सन्मान

भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत (१९७३) त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीची पाहणी केली. राजूर परिसरातील स्त्रियांपर्यंत आरोग्यविषयक ज्ञान पोहोचवले.