साबण मागणारी बाई ‘देशद्रोही’ ठरली, तिनेच पुढे गांधीजींसाठी स्मट्सना पत्र लिहिलं

गोष्ट १९०१ सालची. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, यांच्यात युद्ध पेटलेलं. बोअर गनिमी काव्याने लढत होते. त्यांची रसद तोडायची म्हणून इंग्रज फौजेने त्यांची शेतं-घरं जाळली आणि बायकापोरांना उचलून तंबूंच्या छावण्यांत डांबलं.

२४ जानेवारीला ब्लूमफॉन्टेनच्या छावणीत चाळिशीतली एक इंग्रज बाई पोहोचली. एमिली होबहाऊस. कॉर्नवॉलमधल्या एका पाद्र्याची मुलगी. आजारी वडिलांचं करण्यात तिचं तरुणपण गेलं, पुढे ठरलेलं लग्नही मोडलं. युद्ध सुरू झाल्यावर तिने छावण्यांतल्या बायकांसाठी निधी गोळा केला आणि तो घेऊन स्वतःच जहाजात बसली.

छावणीत तंबू तापलेले, पाणी अपुरं, रेशन तुटपुंजं. तिने साबण मागितला, तर तो म्हणजे चैन, असं उत्तर मिळालं. मुलं गोवराने आणि तापाने जात होती. एमिलीने बायकांशी बोलून एकेकीची हकिगत लिहून काढली आणि लंडनला परतून जूनमध्ये अहवाल छापला.

इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. वर्तमानपत्रांनी तिला देशद्रोही ठरवलं. सरकारने चौकशीसाठी मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली फक्त महिलांची समिती पाठवली. त्या काळात ही मोठीच गोष्ट, पण तीत एमिलीला घेतलं नाही. समितीलाही तेच हाल दिसले. ऑक्टोबरमध्ये एमिली पुन्हा केपटाऊनला गेली, तर तिला उतरूच दिलं नाही. शेवटी सैनिकांनी तिला उचलून परतीच्या जहाजात घातलं.

१९०२ मध्ये तह झाला. तोवर छावण्यांत सुमारे २८,००० बोअर दगावले होते आणि त्यांतली सुमारे २२,००० सोळा वर्षांखालची मुलं होती. कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथे नोंद झालेलेच मृत्यू १४,००० च्या वर आहेत. त्यांच्याकडे जगाने फारसं पाहिलं नाही.

तहावर सह्या पुरुषांच्या. जळालेल्या घरात चूल पेटवायची बायकांनी. एमिलीने नेमकं हेच हेरलं. १९०५ मध्ये तिने फिलिपोलिसला सूतकताई-विणकामाची शाळा काढली, म्हणजे मुलींच्या हाताला काम मिळेल. अशा शाळा वाढत वाढत २७ झाल्या.

१९१३ मध्ये ब्लूमफॉन्टेनला मृत बायकामुलांचं स्मारक उभं राहिलं. अनावरणाला एमिलीला बोलावलं होतं, पण प्रवासात ती आजारी पडली आणि तिचं भाषण दुसऱ्यांनी वाचलं. जे स्वातंत्र्य तुम्ही मागितलंत ते इतरांना नाकारू नका, असं तिने त्यात बोअरांनाच बजावलं होतं.

ते ‘इतर’ फार लांब नव्हते. त्याच वर्षी तिथल्या न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं बेकायदा ठरवली होती. भारतीय बायका एका निकालासरशी कायद्याच्या लेखी पत्नीच उरल्या नाहीत. कस्तुरबांसह कितीतरी जणी सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या. तीन पौंडांच्या कराविरुद्ध संप पेटला आणि गांधीजींनी १ जानेवारीच्या मोर्चाची हाक दिली. एमिलीने त्यांना तार करून तो पंधरा दिवस पुढे ढकलायला सांगितला. दुसरीकडे तिने मंत्री जनरल स्मट्स यांना पत्र लिहिलं. हे दुखणं नैतिक आहे, सरकारी बळाने ते मिटणार नाही, असा त्याचा आशय. स्मट्स स्वतः बोअर सेनानी होते, त्यामुळे तिचा शब्द त्यांना सहज टाळता येत नव्हता. १९१४ मध्ये समझोता झाला, कर गेला आणि लग्नांना मान्यता मिळाली. श्रेय अर्थात सत्याग्रहींचं, पण बोलणी सुरू व्हायला तिची मध्यस्थी उपयोगी पडली.

त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. नाताळच्या सुमारास तिने जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या बायकांना शांततेचं खुलं पत्र लिहिलं. त्यावर १०१ ब्रिटिश स्त्रियांच्या सह्या होत्या. १९१६ मध्ये तर ती थेट बर्लिनला जाऊन परराष्ट्रमंत्र्यांना भेटली. पुन्हा देशद्रोहाची ओरड झाली. युद्धानंतर ती लाइपझिगमधल्या भुकेल्या मुलांच्या जेवणाच्या कामाला लागली.

१९२६ मध्ये ती लंडनमध्ये वारली. इंग्लंडने फारशी दखल घेतली नाही, पण अस्थी ब्लूमफॉन्टेनला नेऊन त्याच स्मारकात ठेवल्या गेल्या. पुढे वर्णभेदी सरकारने तिचं नाव कशाला द्यावं? एका पाणबुडीला. सत्ताबदलानंतर ते बदललं.